मवाबाविषयीचा विलाप

हिब्रू बायबलमधील यशया या संदेष्ट्याच्या (देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या) ग्रंथाच्या १५ व १६ या अध्यायांत इस्राएलच्या शेजारच्या वैरी राज्याच्या, मवाबच्या, नाशाबद्दल केलेला शोक. यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ४८व्या अध्यायात यातल्या बऱ्याच ओळी थोड्या फरकाने पुन्हा येतात.

मवाब हे राज्य मृत समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्डनमध्ये होते. इस्राएलशी त्याचे वैर भाऊबंदकीचे. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या ग्रंथातील कथेप्रमाणे मवाब्यांचा मूळपुरुष मवाब हा इस्राएलचा पूर्वज अब्राहाम याचा पुतण्या लोट याचा मुलगा. इस्राएलचा राजा दावीद याची पणजी रूथ हीही मवाबीच. तरी मवाब्यांना परमेश्वराच्या मंडळीत मज्जाव होता. जॉर्डनमधील धिबान येथे १८६८ मध्ये सापडलेल्या शिलालेखात मवाबचा राजा मेशा इस्राएल कायमचा नष्ट झाल्याची फुशारकी मारतो, आणि तीही हिब्रूच्या अगदी जवळच्या बोलीत.

अशा राज्यासाठी संदेष्टा रडतो. मुंडण केलेली डोकी, कमरेला गोणपाट, सोअर या गावाकडे पळणारी माणसे हे सारे तो पाहतो. मवाबातल्या सिब्मा या गावाच्या द्राक्षवेलींसाठी तो आसवे गाळतो. द्राक्षे तुडवताना कुंडात उठणारी आरोळी, हिब्रूत ‘हेदाद’, आता बंद पडली आहे. हाच शब्द चढाई करणाऱ्यांच्या आरोळीलाही वापरतात, म्हणून सुगीवर ‘हेदाद’ कोसळली असे म्हणताना एका शब्दात हंगामही येतो आणि फौजही.

१६:११ मध्ये (अध्याय १६, ओवी ११) मवाबासाठी आपली ‘मेअइम’ वीणेसारखी झंकारतात, असे शब्द आहेत. ‘मेअइम’ म्हणजे आतडी. ‘आतडे तुटते’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. यिर्मया वीणेऐवजी शोकप्रसंगी वाजणाऱ्या बासरीची उपमा देतो.

हे रडणे खरे की उपरोधाचे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मवाबाच्या गर्वावर १६:६ मध्ये कडक शब्द आहेत, हे खरेच. पण उपरोध करणारा गावोगावची नावे घेत, एकेका मळ्याशी थांबत रडत नाही. अकराव्या शतकातील यहुदी भाष्यकार राशी यानेही हा शोक खराच मानला: परक्यांचा संदेष्टा बलाम विनाकारण इस्राएलच्या मुळावर उठला, इस्राएलचे संदेष्टे मात्र परक्यांच्या विपत्तीवर शोक करतात. शिवाय आरोळी मीच बंद पाडली, असेही याच ओळींत येते, त्यामुळे बोलणारा संदेष्टा की खुद्द देव, हे स्पष्ट होत नाही. शिक्षा टळत नाही, पण ती सांगणाऱ्याचे डोळे कोरडे नाहीत. त्याआधीच, १६:३-४ मध्ये, मवाबाच्या परागंदा लोकांना लपवा, भर दुपारी रात्रीसारखी सावली द्या, अशी विनवणी येते.