पाचट जाळलं तरच खोडवा फुटतो?

पर्माकल्चरच्या (निसर्गाच्या रचनेवर बेतलेल्या शाश्वत शेतीच्या) प्रात्यक्षिकात आच्छादनाचा, म्हणजे जमीन पालापाचोळ्याने झाकण्याचा विषय निघाला की ऊसपट्ट्यात एक समज हमखास पुढे येतो: पाचट (उसाची वाळलेली पानं) जाळल्याशिवाय खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून येणारं पुढचं पीक) जोमाने फुटत नाही. हे चूक आहे.

फुटवा येतो तो बुडख्याच्या, म्हणजे तोडलेल्या उसाच्या उरलेल्या खुंटाच्या जमिनीखालच्या डोळ्यांतून (कोंब फुटायच्या जागांतून). त्यांना मोकळी हवा आणि ऊन हवं असतं. जाळल्यावर बुडखे उघडे पडतात आणि श्रेय आगीला जातं! प्रत्यक्षात हेक्टरी ८ ते १० टन पाचटातलं बहुतेक नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातो.

तोडणी झाली की बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढा. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. उंच राहिले तर वरच्या कांड्यांचे डोळे फुटतात आणि ते फुटवे कमजोर निघतात. छाटलेल्या भागावर ०.१ टक्का कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारा, म्हणजे बुरशी शिरत नाही. मग टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन शेणखतात मिसळून सरीतल्या पाचटावर टाका आणि पाणी द्या.

युरिया वगळण्याचा मोह होतो, पण तो मोह टाळाच. युरिया नसेल तर पाचट कुजवताना जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात, कोवळा खोडवा पिवळा पडतो आणि दोष पाचटावर येतो.

पहिलं पाणी सरीतून सावकाश सरकतं. पाचट दबलं की पाण्याच्या पुढच्या पाळ्या सुरळीत बसतात. नंतरची रासायनिक खतं पहारीने भोक पाडून, मुळांजवळ द्या.