ग्रँडमास्टरचा मेंदू कॅमेरा असतो का?

‘बुद्धिबळातल्या ग्रँडमास्टरची, म्हणजे सर्वोच्च किताब मिळवलेल्या खेळाडूची, स्मरणशक्ती जन्मतःच फोटोसारखी असते, एकदा पट पाहिला की संपला विषय,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. पटण्यासारखाच आहे. पाच सेकंद पाहिलेला डाव ते खरंच जवळजवळ जसाच्या तसा मांडून दाखवतात.

पण फोटोच असता, तर पटावर काहीही असलं तरी चाललं असतं. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात तीच मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली, आणि कसलेल्या खेळाडूची आघाडी जवळपास नाहीशी झाली. (नंतरच्या प्रयोगांत थोडीशी दिसली, पण थोडीशीच.) म्हणजे तो एकेक मोहरं लक्षात ठेवत नाही. किल्लेकोट केलेला (हत्तीसोबत एकाच चालीत सुरक्षित जागी नेलेला) राजा, त्यापुढची तीन प्यादी, शेजारचा हत्ती हे सगळं त्याला एकच ओळखीचं चित्र दिसतं. अशी हजारो चित्रं वर्षानुवर्षांच्या खेळातून साठतात.

घरी पाहायचं असेल, तर चांगल्या खेळणाऱ्याला छापील डावातली मधली स्थिती पाच सेकंद दाखवा आणि मांडायला सांगा. मग तेवढीच मोहरी डोळे मिटून कुठेही ठेवा आणि पुन्हा विचारा. बरोबर घरात पडलेली मोहरी मात्र दोन्ही वेळा मोजा, नुसत्या अंदाजावर जाऊ नका.