'कथा' कोणाची आणि 'देखरेख' कोणाची: मांगाच्या मुखपृष्ठावरचे दोन शब्द

मासाशी किशिमोतोच्या 'नारुतो' या गाजलेल्या मांगाची, म्हणजे जपानी कॉमिक मालिकेची, पुढची गोष्ट म्हणजे 'बोरुतो'. ती वाचणारे दोघं समोरासमोर बसवा, अर्ध्या तासात वाद जुंपतो. एकाचं म्हणणं, किशिमोतोनं स्वतःच्याच मालिकेची वाट लावली. दुसऱ्याचं म्हणणं, अरे पण त्यानं ती लिहिलीच कुठे? दोघंही बरोबर असू शकतात. बोलणं कितव्या चॅप्टरबद्दल चाललंय, यावर ते ठरतं.

मासाशी किशिमोतोची 'नारुतो' 1999 मध्ये 'शोनेन जंप' साप्ताहिकात सुरू झाली आणि नोव्हेंबर 2014 मध्ये संपली. 700 चॅप्टर, 72 खंड. एवढी मोठी मालिका संपवलेल्या मांगाकारानं पुढे काय करायचं? काही जण सरळ नवं काम हातात घेतात. ताकेहिको इनोउएनं 1996 मध्ये 'स्लॅम डंक' आटोपली आणि 1998 मध्ये 'वॅगाबाँड' काढायला घेतली. हिरोमु आराकावाची 'फुलमेटल अल्केमिस्ट' 2010 मध्ये संपली आणि पुढच्याच वर्षी तिनं होक्काइदोतल्या शेतकी शाळेवर 'सिल्व्हर स्पून' सुरू केली. ती स्वतः दुग्धव्यवसाय करणाऱ्या घरात वाढलेली, त्यामुळे गोठ्यातलं शेण तिला कोणाला विचारून काढावं लागलं नाही. इथे घोळ होत नाही. नाव एकाचं, हातही त्याचाच.

घोळ होतो तो पेन दुसऱ्याच्या हातात गेल्यावर. मुखपृष्ठावर जुनं, खपणारं नाव असतंच, पण त्याच्या आगेमागे एक बारीक शब्द असतो. कधी 'कथा', कधी 'देखरेख'. वाचक नाव वाचतो आणि शब्द सोडून देतो. मराठी सिनेमाच्या पोस्टरवर 'अमुक प्रस्तुत' आणि 'कथा-पटकथा: तमुक' यातला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही, मांगा हातात घेतला की तीच नजर कुठे जाते कोण जाणे.

आधी 'कथा' हा शब्द बघू. यात लेखक नुसतं कथाबीज सांगून मोकळा होतो असं पुष्कळांना वाटतं. तसं असतं असं नाही. हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर 'बाकुमान' या मांगाचा खंड उचला आणि त्यातली आराखड्यांची पानं उघडा. त्सुगुमी ओबा आणि ताकेशी ओबाता या जोडीनं 2006 मध्ये 'डेथ नोट' संपवल्यावर 2008 मध्ये ही मालिका सुरू केली. विषयही पुन्हा तोच: एक लिहिणारा आणि एक काढणारा अशी दोन पोरं मांगाकार व्हायला निघतात. खंडात या खऱ्या जोडीचे कच्चे आराखडे छापलेले आहेत. धंद्यात त्यांना 'नेम' म्हणतात. आधी ओबाचा नेम: पानाच्या चौकटी पाडलेल्या, त्यात साधीसुधी माणसं, फुग्यांत संवाद. त्यापुढे तेच पान ओबातानं पुन्हा मांडलेलं, कोन फिरवलेला, चौकट लहानमोठी केलेली. आणि मग छापलं गेलेलं पान. तिन्ही शेजारी ठेवली की कळतं, 'कथा' लिहिणाऱ्यानं इथे काय काय ठरवलंय: कोण काय बोलतो, कुठल्या चौकटीत बोलतो, पान कुठे उलटलं की धक्का बसतो. चित्रकार त्यातलं बरंच बदलतो, पण बदलायला त्याच्या हातात काहीतरी आधीपासून असतं. माझ्या मते ती पानं हा मालिकेतला सर्वांत शिकवणारा भाग आहे, आणि बहुतेक लोक ती न वाचता खंड मिटतात.

'देखरेख' याच्या उलट दिशेनं चालते. तिथे कोरं पान दुसऱ्याच्या पुढ्यात असतं. तो लिहितो, काढतो, आणि जुन्या मांगाकाराकडे तपासायला पाठवतो. तपासणारा सांगतो की हे पात्र असं बोलणार नाही, हा पोशाख बदला, ही लढाई लांबली. कधी नव्या पात्राचं रेखाटनही देतो. त्याच्याकडे नकाराधिकार असतो, पण पुढच्या महिन्यात काय घडणार ही डोकेदुखी त्याची नसते. देखरेख किती कडक, हे माणसागणिक बदलतं; छापलेल्या एका शब्दावरून ते मोजता येत नाही. म्हणूनच मला हा शब्द जास्त फसवा वाटतो.

आता 'बोरुतो' घ्या. मे 2016 मध्ये ती सुरू झाली तेव्हा चित्रं मिकिओ इकेमोतोची, पटकथा उक्यो कोदाचीची. इंग्रजी आवृत्तीच्या सुरुवातीच्या खंडांवर किशिमोतोचं नाव 'निर्माता आणि पर्यवेक्षक' असं येतं. म्हणजे जग त्याचं, देखरेख त्याची, पण दर महिन्याचं लिखाण कोदाचीचं. तरीही सगळ्यात वर, सगळ्यात आधी वाचलं जाणारं नाव किशिमोतोचंच. मालिका आवडली नाही म्हणून चिडलेल्यांनी शिव्या घालायला तेच निवडलं, यात नवल नाही.

पण प्रकरण इतकं सरळ असतं तर वाद कधीच मिटला असता. मालिकेचे सुरुवातीचे चॅप्टर हे 2015 च्या 'बोरुतो' चित्रपटाची गोष्ट पुन्हा सांगतात, आणि त्या चित्रपटाची पटकथा स्वतः किशिमोतोची होती. म्हणजे निन्जांची चुनिन परीक्षा, होकागे म्हणजे गावाचा प्रमुख असलेला आणि पोराला वेळ न देणारा बाप, यंत्राच्या जोरावर केलेली लबाडी हे सगळं मुळात त्याचंच. कावाकी हे नवं पात्र येतं, 'कारा' संघटना उलगडत जाते, तो पुढचा भाग कोदाचीच्या हातचा. नोव्हेंबर 2020 मध्ये कोदाची बाजूला झाला आणि 52 व्या चॅप्टरपासून लिखाण किशिमोतोनं घेतलं. ऑगस्ट 2023 मध्ये 'टू ब्लू व्होर्टेक्स' हा दुसरा भाग सुरू झाला तो इंग्रजी आवृत्तीत 'कथा: किशिमोतो, चित्र: इकेमोतो' अशाच श्रेयानं. एकाच मालिकेत, एकाच चित्रकाराच्या हाताखाली, शब्द 'देखरेख'वरून 'कथा'वर गेला. चित्रं तीच असल्यामुळे सांधा नजरेला दिसत नाही. 51 आणि 52 लागोपाठ वाचा. मला स्वतःला तिथून वेग बदललेला जाणवतो, बोलणं कमी आणि घाव जास्त. तुम्हाला जाणवेलच असं नाही.

याच माणसाचं दुसरं काम शेजारी ठेवलं की मजा येते. मे 2019 मध्ये 'शोनेन जंप'मध्ये 'सामुराई 8' सुरू झाली. कथा किशिमोतोची, चित्रं अकिरा ओकुबोची. ही देखरेख नव्हे. नवं जग, नवी पात्रं, सगळी कल्पना त्याची. 'नारुतो'च्या जनकाची पहिली नवी मालिका म्हणून गाजावाजा भरपूर झाला. मार्च 2020 मध्ये ती बंद पडली: 43 चॅप्टर, 5 खंड. म्हणजे जे पूर्णपणे त्याच्या डोक्यातून आलं ते वर्षभरही टिकलं नाही, आणि ज्यावर त्याची नुसती देखरेख होती ते चालत राहिलं. यावरून 'बोरुतो' चांगली आणि 'सामुराई 8' वाईट असं ठरवू नका. जुन्या गावातली माणसं वाचकाला आधीपासून माहीत असतात, नव्या जगाचे नियम त्याला समजून घ्यावे लागतात. आणि 'सामुराई 8'मध्ये ते नियम समजावून सांगण्यातच पानं फार खर्ची पडली, असं मला तरी वाटलं.

किशिमोतोनं पेन कायमचं खाली ठेवलं असंही नाही. 2015 मध्ये 'नारुतो'च्या जगातल्या सारादा या मुलीवरची दहा चॅप्टरची छोटी मालिका त्यानं स्वतः लिहिली आणि काढली. 2023 मध्ये जगभरच्या वाचकांच्या मतदानात 'नारुतो'मधलं मिनातो हे पात्र पहिलं आलं, तेव्हा त्याच्यावरची एकाच भागात संपणारी कथाही किशिमोतोनंच काढली. थोडक्यात काम असलं की तो स्वतः काढतो, लांबपल्ल्याचं असलं की दुसऱ्याला सोबत घेतो. आठवड्याला साधारण 19 पानं, पंधरा वर्षं काढून झाल्यावर कोणीही हेच करेल.

'ड्रॅगन बॉल'वाल्यांची गुंतागुंत निराळी. कार्टून नेटवर्कवर 'ड्रॅगन बॉल झी' बघून मोठी झालेली आपल्याकडची पिढी 'जीटी' आणि 'सुपर' हे पुढचे भाग दोन्ही मूळ मांगाकार अकिरा तोरियामाच्या खात्यावर टाकते. 'जीटी' ही 1996-97 ची दूरचित्रवाणी मालिका. गोष्ट तोएइ स्टुडिओच्या माणसांनी रचली, तोरियामाचा वाटा नाव, बोधचिन्ह आणि काही पात्रांची रेखाटनं इतका. 'सुपर'चा मांगा 2015 पासूनचा, त्यावर 'कथा: तोरियामा, चित्र: तोयोतारो'. सुरुवातीला तोरियामानं ढोबळ आराखडा दिला, तो अॅनिमेवाल्यांनाही (म्हणजे पडद्यावरची चित्रमालिका करणाऱ्यांनाही) आणि तोयोतारोलाही. दोघांनी तो आपापल्या परीनं फुलवला. म्हणून झमासू या खलनायकाचा शेवट अॅनिमेत एक आणि मांगात वेगळा. 'खरा कुठला?' असं विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही ते यामुळेच. नेम तोयोतारो काढायचा आणि तोरियामाकडे तपासायला पाठवायचा. 2018 च्या शेवटी सुरू झालेल्या मोरो या खलनायकाच्या प्रकरणापासून कल्पनांतही तोयोतारोचा वाटा वाढला. मुखपृष्ठावरचा शब्द मात्र 'कथा'च राहिला. म्हणजे 'बाकुमान'वर छापलेली 'कथा' आणि 'सुपर'वर छापलेली 'कथा' एकाच मापाच्या नाहीत. दुसरी बरीचशी देखरेखीकडे झुकलेली आहे. 1 मार्च 2024 रोजी तोरियामा गेला तेव्हा तोयोतारो पुढे कसा चालवणार हा प्रश्न अनेकांना पडला. नेम आधीपासून कोणाच्या हातात होता हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांना तो तेवढा अवघड वाटला नाही.

आणखी एक शब्द मध्ये येतो, 'मूळ कृती'. कोयोहारु गोतोगेची 'डीमन स्लेयर' मे 2020 मध्ये संपली. त्यातल्या रेंगोकू या पात्रावरची उपकथा त्याच वर्षी आली ती र्योजी हिरानोच्या हातची. गोतोगेचं नाव तिथे आहे कारण पात्रं गोतोगेची आहेत. यापलीकडे त्या शब्दातून काही काढू नये.

ताजं उदाहरण गेगे आकुतामीचं. 'जुजुत्सु काइसेन' सप्टेंबर 2024 मध्ये संपली आणि साधारण वर्षभरानं, सप्टेंबर 2025 मध्ये, त्याच जगातली 'मोड्युलो' सुरू झाली. कथा आकुतामीची, चित्रं युजी इवासाकीची. पहिल्या चॅप्टरला लगेच 'हे तर बोरुतोच झालं' अशी ओरड सुरू झाली, कारण दोन्हीकडे पुढची पिढी आहे. पण 'बोरुतो' सुरू झाली तेव्हा किशिमोतोचं नाव देखरेखीसाठी होतं, इथे आकुतामीचं नाव पहिल्या दिवसापासून कथेसाठी आहे. 'मोड्युलो'तली ही नातवंडं आवडली नाहीत, तर या वेळी तक्रार मुखपृष्ठावरच्या पहिल्या नावाकडेच करावी लागेल.