योजना सुट्टी

योजना सुट्टी : भारताच्या तिसऱ्या पंचवार्षिक योजनेची मुदत 31 मार्च 1966 रोजी संपली आणि चौथी योजना 1 एप्रिल 1969 रोजी सुरू झाली. मधल्या तीन वर्षांना रूढ झालेली ही संज्ञा. ‘योजनावकाश’ असाही शब्द वापरला जातो. शासनाने या काळाची नोंद 1966-67, 1967-68 व 1968-69 या तीन ‘वार्षिक योजना’ अशी केली आहे.

सुट्टी नेमकी केव्हा लागली, याविषयी एकवाक्यता नाही. पाठ्यपुस्तकांत सरसकट एप्रिल 1966 हा आरंभ दिला जातो. परंतु ऑगस्ट 1966 मध्ये चौथ्या योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा तो 1966–71 या कालखंडासाठीच होता, म्हणजे 1966-67 हे चौथ्या योजनेचे पहिले वर्ष मानले जात होते. सार्वजनिक क्षेत्रासाठी सुमारे 16,000 कोटी रुपयांचा तो मसुदा पुढे बाजूला ठेवण्यात आला. सप्टेंबर 1967 मध्ये धनंजयराव गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाल्यावर नव्याने आखणी करून 1969 पासून आरंभ करायचे ठरले. त्यामुळे 1966-67 या वर्षाला सुट्टीचा शिक्का मागाहून बसला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. या काळात विकासखर्च थांबला नव्हता. तीन वर्षांत मिळून सुमारे 6,600 कोटी रुपये खर्च झाले. थांबली ती पाच वर्षांची बांधणी.

ही वेळ तिसऱ्या योजनेच्या (1961–66) अपयशामुळे आली. राष्ट्रीय उत्पन्नवाढीचे वार्षिक उद्दिष्ट 5.6 टक्के होते, प्रत्यक्ष वाढ 2.8 टक्क्यांच्या आसपास झाली. काही गणनांत ती याहूनही कमी येते. अन्नधान्य 10 कोटी टन पिकायचे होते, 1965-66 मध्ये पिकले 7.23 कोटी टन. पोलादाचे उद्दिष्ट 92 लाख टन, उत्पादन सुमारे 65 लाख टन. वीजनिर्मितीची क्षमता 127 लाख किलोवॉटवर न्यायची होती, ती 102 लाखांवर थांबली. नत्रखताची घसरगुंडी सर्वांत मोठी : 8 लाख टनांऐवजी जेमतेम 2.3 लाख टन. लोकसंख्या दर वर्षी दोन टक्क्यांहून अधिक वाढत असल्याने दरडोई उत्पन्न जवळपास जागच्या जागी राहिले.

या अपयशाचे मूळ दुसऱ्या योजनेच्या (1956–61) गणितात शोधावे लागते. उत्पन्नात एक रुपयाची वाढ व्हायला किती रुपयांचे भांडवल लागते, ते सांगणाऱ्या गुणोत्तरास भांडवल-उत्पादन गुणोत्तर म्हणतात. पहिल्या योजनेत ते 1.8 इतके कमी आले, पण त्याचे मोठे श्रेय 1953-54 च्या उत्तम पावसाला होते. चांगल्या पावसाने वाढलेले पीक हिशेबात भांडवलाच्या नावावर जमा होते आणि भांडवल आहे त्यापेक्षा कर्तबगार दिसते. दुसऱ्या योजनेने हे गुणोत्तर 2.3 धरले. एकूण गुंतवणूक 6,200 कोटी रुपये. तीतून राष्ट्रीय उत्पन्न 10,800 कोटींवरून 13,480 कोटींवर, म्हणजे 2,680 कोटींनी वाढेल, असा तो हिशेब होता. तेच गुणोत्तर 3 धरले, तर त्याच गुंतवणुकीतून वाढ 2,070 कोटींच्या आत येते. गुणोत्तरातील सात दशांशांच्या फरकाने सहाशे कोटींचे उत्पन्न कागदावर निर्माण होते आणि त्यातूनच पुढची बचत, कर व गुंतवणूक धरलेली असते. धरणे, पोलाद व वीज यांना भांडवल अधिक लागते आणि फळ उशिरा मिळते, त्यामुळे हे गुणोत्तर वाढत जाणार होते. तिसऱ्या योजनेसाठीही ते 2.6 च्या आसपासच गृहीत होते.

लोकसंख्येच्या बाबतीत चूक याच जातीची झाली. 1951–61 या दशकात 12.5 टक्के वाढ धरली होती. 1961 च्या जनगणनेत ती 21.5 टक्के निघाली. हिवतापावरील मोहिमेने व साथींच्या नियंत्रणाने मृत्युदर उतरत होता. ही आरोग्यखात्याची कमाई धान्याच्या व रोजगाराच्या तक्त्यांत वेळेवर उतरली नाही.

दुसऱ्या योजनेला आधारभूत असलेल्या, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या चार विभागांच्या प्रतिमानात नव्या गुंतवणुकीचा एक तृतीयांश भाग भांडवली मालाच्या उद्योगांसाठी होता. यंत्रे बनवणारी यंत्रे आधी उभी केली, की पुढे उपभोग्य वस्तूंची वाढ वेगाने होईल, हा विचार स्वतंत्र देशाच्या स्वावलंबनाला धरून होता आणि त्याची महत्ता आजही नाकारता येत नाही. परंतु हे कारखाने बांधणारा मजूर मधल्या काळात खाणार काय, याचे उत्तर त्यात दुबळे होते. मुंबई विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ सी. एन. वकील व पी. आर. ब्रह्मानंद यांनी 1956 मध्येच हा आक्षेप घेतला. त्यांच्या मते भांडवलनिर्मितीची खरी मर्यादा वेतनवस्तूंची, म्हणजे मजुरीतून घेतल्या जाणाऱ्या धान्य, कापड, तेल यांसारख्या वस्तूंची असते. अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय यांनी 1955 च्या भिन्नमतपत्रिकेत योजनेचा आकार साधनांपलीकडचा आहे आणि 1,200 कोटींचा तुटीचा अर्थभरणा (उत्पन्नापेक्षा जास्त होणारा खर्च नवा पैसा निर्माण करून भागवणे) महागाई आणील, असे बजावले होते. ऑगस्ट 1956 मध्ये अमेरिकेशी पी. एल. 480 (शिलकी शेतमाल परदेशांना देण्याविषयीचा अमेरिकी कायदा) खाली धान्याचा पहिला करार झाला. रुपयांत किंमत चुकवून मिळणाऱ्या या गव्हामुळे शेतीतील टंचाई झाकली गेली.

परकीय चलनाचे संकट तर युद्ध वा दुष्काळ नसतानाच आले. दुसऱ्या योजनेने पाच वर्षांत स्टर्लिंग गंगाजळीतून (ब्रिटिश पौंडांत ठेवलेल्या परकीय चलनाच्या साठ्यातून) 200 कोटी रुपये काढायचे ठरवले होते. ती मर्यादा पहिल्याच वर्षी ओलांडली गेली. भिलाई, रूरकेला व दुर्गापूर येथील प्रत्येकी दहा लाख टनांच्या पोलाद कारखान्यांची यंत्रसामग्री, रेल्वेचे साहित्य आणि खाजगी कारखान्यांची आयात एकदमच येऊन थडकली. 1958 मध्ये योजनेची दोन भागांत फोड करून 4,500 कोटींचा गाभा तेवढा राखण्यात आला आणि त्याच वर्षी भारत साहाय्य मंडळ (भारताला मदत देणाऱ्या देशांचा व जागतिक बँकेचा गट) अस्तित्वात आले. मदतीने दुसरी अडचण आणली. ती बहुधा ठरावीक प्रकल्पाला बांधलेली असे. नव्या कारखान्यासाठी चलन मिळे, पण चालू कारखान्याच्या सुट्या भागांसाठी व कच्च्या मालासाठी मिळत नसे. उभी यंत्रे अर्ध्या क्षमतेने चालत आणि शेजारी नव्याची पायाभरणी होई.

एक कडी तुटली, की पुढच्या कड्या कशा निखळतात, हे नांगल (पंजाब) येथील खतकारखान्यात स्पष्ट दिसते. 1961 मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यात अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन पाण्याचे विद्युत्-विघटन करून काढत. त्यासाठी प्रचंड वीज लागे आणि ती भाक्रा धरणातून येई. सतलजला पाणी कमी आले, की जलाशयाची पातळी उतरे, वीजकपात पहिल्यांदा अशा मोठ्या ग्राहकावर येई, खत घटे, आणि ज्या वर्षी पावसाने दगा दिला त्याच्या पुढच्या हंगामात खताचीही ओढ लागे. योजनेच्या तक्त्यात पाऊस, वीज, खत व धान्य या चार वेगळ्या ओळी होत्या. त्यांच्यात सांधा होता, राखीव साठा कोठेच नव्हता. नवा खतकारखाना उभारायचा तर प्रकल्प अहवाल, परवाना, परकीय चलनाची मंजुरी, मदत देणाऱ्या देशाशी करार, यंत्रांची मागणी, जागा, पाणी व वीजजोडणी, उभारणी आणि चाचणी इतक्या पायऱ्या होत्या. त्यांतील बहुतेक एकामागून एकच घ्याव्या लागत. यंत्रे बंदरात येऊन पडली आणि वीजजोडणी नाही, हा प्रकार नेहमीचा होता. योजनेच्या तिसऱ्या वर्षी मंजूर झालेला कारखाना पाचव्या वर्षी खत देणे शक्यच नव्हते, तरी त्याचे उत्पादन उद्दिष्टात धरलेले असे.

सिंचनाचेही तसेच. धरण भरते, मुख्य कालवा व वितरिका पूर्ण होतात आणि अहवालात ‘निर्माण झालेली सिंचनक्षमता’ चढते. पण वितरिकेवरील शेवटच्या द्वारापुढे, साधारण शंभर एकरांच्या टापूत, शेतचाऱ्या खणण्याचे काम शेतकऱ्यांवर सोपवलेले होते. वरच्या शेतकऱ्याने आपल्या रानातून चारीला पट्टा दिला नाही, तर खालच्यांपर्यंत पाणी पोचतच नाही. जमीन सपाट केलेली नसेल, तर पाणी सखल कोपऱ्यात साचते व जमीन चिबड (पाणथळ, नापीक) होते. पाळीच्या वेळी पाटकऱ्याला द्वारापर्यंतच हुकमत असे. त्यामुळे निर्माण क्षमता व प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र यांत मोठे अंतर पडत गेले. लाभक्षेत्र विकासाचा स्वतंत्र कार्यक्रम यायला 1974-75 उजाडले.

पैशाची बाजू विशेष बोलकी आहे. तिसऱ्या योजनेत सार्वजनिक क्षेत्रासाठी 7,500 कोटींची साधने होती, पण स्वीकारलेल्या कार्यक्रमांची किंमत 8,000 कोटींहून अधिक होती. कोणत्या राज्याचे कोणते काम वगळायचे, हा कटू निर्णय टाळला गेला. सर्व कामांना थोडी थोडी रक्कम मिळाली आणि सगळीच लांबली. प्रत्यक्ष खर्च 8,577 कोटी झाला. म्हणजे पैसा ठरल्यापेक्षा जास्त गेला आणि काम ठरल्यापेक्षा कमी झाले. मधला फरक महागाईने व रखडलेल्या कामांच्या वाढत्या किमतीने खाल्ला. नव्या करांतून 1,710 कोटी यायचे होते, 2,892 कोटी आले. जनतेने आपला वाटा दिला नाही, असे म्हणायला जागा नाही. तरीही तुटीचा अर्थभरणा 550 कोटींऐवजी 1,133 कोटींवर गेला.

अपयशाची कारणमीमांसा करताना शासकीय विवेचनाचा भर 1962 चे चीनशी व 1965 चे पाकिस्तानशी युद्ध, त्यानंतर थांबलेली अमेरिकी मदत आणि 1965-66 चा दुष्काळ यांवर राहिला. संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दोन टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या जवळ गेला, हे खरेच. दुसरा पक्ष आखणीला दोष देतो. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती व पद्मा देसाई यांनी उद्योग व आयात यांसाठीच्या परवानापद्धतीकडे बोट दाखवले. गाडगिळांची तक्रार निराळी होती : आयोगाने तज्ज्ञ सल्लागाराची भूमिका सोडून मंत्रालयांच्या निर्णयांत स्वतःला गुंतवून घेतले आणि अंमलबजावणीचे मोजमाप करण्याचे मूळ काम मागे पडले. धान्याचे आकडे पाहता आपत्तीचा पक्ष अपुरा ठरतो. 1960-61 मध्ये 8.2 कोटी टन धान्य झाले होते. पुढच्या तीन वर्षांत ते 8.27, 8.02 व 8.06 कोटी टन एवढेच राहिले. दुष्काळ येण्यापूर्वीच शेती थिजली होती. दुष्काळाने हे दुखणे उघडे पाडले.

सुट्टीच्या काळातील घडामोडी थोडक्यात अशा : 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर 4.76 वरून 7.50 रुपये झाला. त्या वर्षी एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात करावे लागले. मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचे बियाणे आणले गेले. 1967-68 मध्ये पाऊस चांगला झाला व धान्य साडेनऊ कोटी टनांवर गेले. शासकीय गुंतवणूक आखडल्याने मात्र अवजड यंत्रे व रेल्वे वाघिणी बनवणारे कारखाने मागणीअभावी रिकामे राहिले. दर वर्षी दहा लाख टनांचा एक नवा पोलाद कारखाना सजवता येईल, या हिशेबाने रांचीचा अवजड यंत्रकारखाना बांधला होता. तेवढी मागणी आलीच नाही.

चौथ्या योजनेबरोबर राज्यांना केंद्रीय मदत वाटण्याचे ‘गाडगीळ सूत्र’ आले. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांची गरज आधी बाजूला काढून उरलेल्या रकमेपैकी 60 टक्के लोकसंख्येवर आणि प्रत्येकी 10 टक्के कमी दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, राज्यांचे खास प्रश्न आणि चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीजप्रकल्प यांवर वाटले जाई. यांतील शेवटचे 10 टक्के अर्धवट राहिलेल्या धरणांचे व वीजकेंद्रांचे ओझे वाहण्यासाठी होते. 1980 च्या सुधारणेत तो निकष काढण्यात आला.