मेंढ्यांतील जंतनियंत्रण (पुणे जिल्हा)

मेंढ्यांच्या पोटातील परजीवी कृमींची संख्या मर्यादेत ठेवणे आणि त्यांना तोंड देण्याची कळपाची ताकद वाढवणे. पुणे जिल्ह्यात हा विषय मुख्यतः बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर व शिरूर तालुक्यांतील धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांशी निगडित आहे. बोलीत या सर्व कृमींना सरसकट ‘जंत’ म्हणतात.

सर्वांत घातक जंत हीमाँकस काँटोर्टस होय. कृमिशास्त्रज्ञ रूडोल्फी यांनी त्याचे वर्णन १८०३ मध्ये केले. हीमाँकस ही प्रजाती कॉब यांनी १८९८ मध्ये स्थापली. तो मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहून रक्त शोषतो. एका जंतामागे दिवसाला सु. ०.०५ मिलि. रक्त जाते, म्हणजे हजार जंतांमागे ५० मिलि. मादी रोज ५ ते १० हजार अंडी घालते. उबदार, दमट हवेत आठवडाभरात अळी संसर्गक्षम होते व ओलाव्याच्या आधाराने गवतावर चढते. मेंढीच्या पोटात गेल्यावर सु. तीन आठवड्यांत अळीचा पूर्ण वाढलेला जंत होतो. दव सुकण्याआधी कळप चरायला न सोडण्यामागचे कारण यातून उलगडते. बाधित मेंढीच्या जबड्याखाली पाणी साचते. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर संध्याकाळी ही सूज अधिक दिसते, सकाळी ओसरते.

धनगर पावसाळा पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात काढतात व दिवाळीनंतर वाडे (कुटुंबे व कळपांचे तांडे) कोकणाकडे हलवतात. या स्थलांतराचे कारण काही जण रोगराई टाळणे असे मानतात, तर काही चारा आणि शेतात मेंढ्या बसवण्याचा मोबदला. दुसरे मत अधिक पटणारे आहे. मात्र चराई सतत बदलल्याने जंतांचा भार कमी होत असावा.

प्रतिकारशक्तीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. जंत शरीरात रुजूच न देणे आणि जंत असूनही तग धरणे या दोन भिन्न गोष्टी होत. काटक जनावराविषयी बोलताना त्यांची गल्लत होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या चाचण्यांत बंगालची गारोळ जात हीमाँकसला दख्खनीपेक्षा अधिक प्रतिकारक्षम आढळली. कोकरांत ही शक्ती काही महिन्यांनी येते, तर विण्याच्या सुमारास मेंढ्यांत ती घटते. तेव्हा प्रथिनयुक्त खुराक उपयोगी पडतो. आंत्रविषार (जीवाणूंमुळे होणारा आतड्यांचा रोग) व पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग) यांच्या लसींचा जंतांशी संबंध नाही. हीमाँकसवरील लस ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये आली.

थायाबेंडाझोल हे जंतनाशक औषध १९६१ मध्ये बाजारात आले आणि काही वर्षांतच त्याला न जुमानणारे जंत आढळले. वजनाच्या अंदाजाने कमी मात्रा पाजणे हे याचे एक कारण मानतात. औषध लागू पडले का, हे पाजल्यानंतर १० ते १४ दिवसांनी लेंड्यांतील अंडी मोजून कळते. सरसकट सर्वांना पाजण्याऐवजी खालच्या पापणीचा आतील रंग पाहून, रक्त कमी झाल्याने फिकट दिसणाऱ्यांनाच पाजण्याची फमाचा पद्धत दक्षिण आफ्रिकेत विकसित झाली. तिच्या तक्त्यात लालपासून पांढुरक्यापर्यंत पाच छटा असतात. यकृतातील पर्णकृमीनेही (पानासारख्या चपट्या कृमीनेही) पापणी फिकट पडते, त्यामुळे पाणथळ जागी चरणाऱ्या कळपात हा तक्ता एकटा पुरत नाही.