अर्धा मेंदू आणि पिठाचा गोळा

भाकरी थापताना आज्जी पिठाचा एक गोळा नातीच्या डाव्या हातात देते. पोर सहा वर्षांची. ती गोळा दाबायला लागली, की मांडीवर मोकळा पडलेला उजवा हातही मूठ आवळतो. परभणीजवळच्या आमच्या गावात मी हे पाहिलं आणि चकित झालो, कारण मेंदूचं सगळं गुपित त्या मुठीत आहे.

ती आईच्या पोटात असतानाच उजव्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटला होता. पुढे दिवसाला कितीतरी झटके, औषधांना दाद नाही. गेल्या वर्षी मुंबईत मेंदूचा उजवा अर्धा भाग बाकीच्यापासून तोडून वेगळा केला. "सर, अर्धा मेंदू गेल्यावर लेकरू चालंल का हो?" आज्जीने तेव्हा विचारलं होतं. आज ती थोडी लंगडत शाळेत जाते.

उजवा मेंदू डावं अंग हलवतो, हे शाळेत शिकलोय. मेंदूतून निघालेले हालचालीचे 80 ते 90 टक्के तंतू लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या बुंध्याच्या तळाशी, बाजू बदलतात. पण जन्मतः प्रत्येक अर्ध्या मेंदूचे तंतू दोन्ही बाजूंना पोचलेले असतात. पहिल्या एक-दोन वर्षांत त्यांच्यात चढाओढ लागते. बाजू बदललेल्या तंतूंचे संदेश जोरदार, म्हणून ते मज्जारज्जूत घट्ट बसतात. सरळ उतरलेले बहुतेक मागे हटतात. या पोरीत उजवा मेंदू आधीच दुबळा होता. त्यामुळे डाव्या मेंदूच्या सरळ तंतूंना डाव्या बाजूला प्रतिस्पर्धीच उरला नाही आणि ते तिथेच टिकले. आता एकच मेंदू दोन्ही हात चालवतो, म्हणून दोन्ही मुठी बरोबर मिटतात. शस्त्रक्रियेत जे तोडलं, त्याच्याकडे हाताचं काम फारसं नव्हतंच.

हाच आजार आठव्या वर्षी सुरू झाला असता, तर चढाओढ केव्हाच संपलेली असती. तशी मुलंही बहुतेक चालतात, कारण चालण्याला मेंदूच्या बुंध्यातून दोन्ही बाजूंना जाणाऱ्या जुन्या वाटांचा आधार असतो. खांदा, कोपर बरंच सुधारतं. बोटांची चिमूट मात्र परत येत नाही. लहानपणीच अर्धं अंग लुळं पडलेल्या 12 रुग्णांवरच्या या शस्त्रक्रियेचा अनुभव जोहान्सबर्गचे सर्जन क्रायनाऊ यांनी 1950 साली छापला. तेव्हा तो अर्धा भाग काढूनच टाकत.

अशा मुलांकडे बोट दाखवून "आपण मेंदू दहाच टक्के वापरतो" असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. ते साफ खोटं आहे. ताटात डावीकडे वाढलेली चटणी या पोरीला मान वळवल्याशिवाय दिसत नाही. दोन्ही डोळ्यांच्या नजरेची डावी बाजू गेली आहे. आणि झटका आला की कांदा, चप्पल हुंगवणं, बाहेरचं म्हणून भगताकडे नेणं, यात लेकरांची मोलाची वर्षं जातात.

सध्या तिला दोन्ही हातांची कामं देतात. डाव्या मुठीत हुरड्याचं कणीस धरायचं, उजव्याने दाणे खुडायचे. उजवी बोटं उघडली की डावी मूठही सैल पडते. पाच-सहा दाणे निघतात, कणीस निसटतं, आज्जी ते पुन्हा हातात देते.