सशाचे कान आणि वस्तादांचे पाय

आमच्या गल्लीतल्या वस्तादांनी तालमीत पोरांच्या तीन पिढ्या घडवल्या. आता पंच्याहत्तरीत ते स्वतःच्याच उंबऱ्यात अडकतात. "डोकं म्हणतंय चल, पर पाय जिमिनीला चिकटल्यागत हुत्यात," असं सांगतात. नातवानं उंबऱ्यापासून अंगणापर्यंत खडूनं आडव्या रेघा मारून दिल्यात. रेघ दिसली की वस्ताद ती ओलांडतात, मग पुढची, आणि बघता बघता फाटकाशी पोचतात.

पायात ताकद आहेच. हा पार्किन्सन. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. लोक हाताच्या थरथरीवरून तो ओळखतात, पण माझ्या मते त्याचं खरं दुखणं हालचाल सुरू करण्यात आहे. रोजचं चालणं आपण विचार न करता करतो. ते मेंदूच्या खोल भागातल्या केंद्रांच्या भरवशावर चालतं. तिथला कारभार ढिला पडला की चालणं अडखळतं. समोर ओलांडायला काही दिसलं, तर मेंदू डोळ्यांच्या आधारानं दुसऱ्या वाटेनं पाऊल उचलून घेतो.

कारभार ढिला का पडतो, हे कळायला ससे लागले, आणि त्याआधी आपली सर्पगंधा. रक्तदाबावर या मुळीचा उपयोग होतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. औषध रक्तदाबावर आणि मानसिक आजारांवर सर्रास दिलं जाऊ लागलं, तेव्हा काही रुग्ण ताठरले, संथ झाले. अगदी पार्किन्सन झाल्यासारखे.

स्वीडनमधल्या लुंड इथं आर्विद कार्लसन यांनी हेच रेसरपिन सशांना दिलं. ससे ढिम्म पडून राहिले, कान खाली लोंबलेले. मग त्यांनी डोपा नावाचं रसायन टोचलं. थोड्याच वेळात ससे उठले, कान ताठ. हे १९५७ सालचं. पण खरी मेख पुढे आहे. शरीर डोपापासून डोपामिन बनवतं आणि डोपामिनपासून नॉरअॅड्रिनॅलिन. डोपामिन म्हणजे नुसता मधला थांबा, असंच तेव्हा मानलं जाई. कार्लसननी मोजलं, तर ससे जागे झाले तरी मेंदूतलं नॉरअॅड्रिनॅलिन वाढलेलंच नव्हतं. म्हणजे करामत मधल्या थांब्याचीच!

१९६० मध्ये लंडनच्या परिषदेत भल्या भल्या औषधशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. मेंदूत पेशी एकमेकींशी विजेच्या भाषेत बोलतात, रसायनांच्या नव्हे, असंच तेव्हा बहुतेकांचं मत होतं. कार्लसन मात्र मागे हटले नाहीत. त्यांना नोबेल मिळालं २००० साली, वयाच्या ७७ व्या वर्षी.

त्याच १९६० साली व्हिएन्नात ओलेह हॉर्निकेविच यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासले. निरोगी मेंदूच्या अर्कात रसायन घातलं की गुलाबी रंग यायचा. पार्किन्सनच्या मेंदूचा अर्क तसाच फिका राहिला. डोपामिन जवळपास नाहीच, हे नुसत्या डोळ्यांना दिसलं. ते बनवणाऱ्या चेतापेशी मध्यमेंदूतल्या एका काळसर पट्ट्यात असतात. थरथर दिसू लागते तोवर त्यांतल्या साधारण निम्म्या गेलेल्या असतात.

डोपामिनचीच गोळी का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत शिरताना ते अडतं. लेव्होडोपा, म्हणजे सशांना टोचलेल्या डोपाचंच एक रूप, मात्र आत जातं आणि तिथं त्याचं डोपामिन होतं. आपल्या खाजकुइलीच्या बियांतही हे लेव्होडोपा असतं. पण म्हणून बी कुटून खायला जाऊ नका, मात्रा कोण मोजणार?

या गोळीचं एक कोल्हापुरी दुखणं आहे. मटणातली प्रथिनं पचून जी अमिनो आम्लं होतात, ती लेव्होडोपाच्याच दारातून आत शिरतात. दारात गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते. डॉक्टरांनी म्हणूनच वस्तादांना जेवणाआधी तासभर गोळी घ्यायला सांगितलंय. रविवारी पांढऱ्या रश्श्याचा वास सुटला की ते आधी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतात.

सून रोज सकाळी अंगण धुते, रेघा पुसल्या जातात. शाळेला जायच्या आधी नातू पुन्हा मारतो. ऑइलपेंटनं एकदाच मारून टाका, असं मी सुचवलं.

"नगं," वस्ताद म्हणाले, "पेंटवर पाय घसरतोय. पावसाळ्यात बघू."